हाक आल्याबिगर

सासूबाईंनी जेवण सोडलं तेव्हा आधी आम्हाला वाटलं, भाजीत काही कमीजास्त झालं असेल. साईनाथ, म्हणजे आमचे हे, मला म्हणाले, "विनू, मीठ बघ जरा." मी मीठ बघितलं. मग डॉक्टरांनी दात बघितले, घसा बघितला, पोट बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. एक आठवण तेवढी वर्षभरापासून हळूहळू घर सोडून चाललेली.

ताट समोर ठेवलं की आई पदर सावरून बसायच्या, ताटाकडे बघायच्या आणि हात मांडीवर ठेवून द्यायच्या.

"आई, जेवा ना."

"हाक आली न्हाय अजून."

"मी मारतेय की. कलावतीबाई, चला जेवायला."

"कलावती कोण? माझी हाक येऊ द्या. आमच्यात हाक आल्याबिगर ताटावर बसत न्हाईत."

सगळा संसार ठाण्यात आणि मग डोंबिवलीत केलेली बाई. बोली अगदी इकडची झालेली, 'मी गेलेले', 'मी आलेले' म्हणायच्या. ती सगळी पुसली गेली आणि खालून साताऱ्याकडची, लहानपणीची भाषा वर आली. डॉक्टर म्हणाले, "त्या आता माहेरी आहेत असं समजा. तिथल्या नावानं बोलावून बघा."

सांगायला सोपं. पण ते नाव आम्हाला कुठे माहीत होतं?

लग्नात सासरची माणसं सुनेचं नाव बदलतात, हे काही नवं नाही. माझं माहेरचं नाव अक्षदा. तांदळाच्या ताटात अंगठीनं 'विनिता' लिहून दिलं, आणि अक्षदा तांदळातच राहिली. पण मला निदान आईबाप आहेत, भाऊ आहे, फोन केला की अजून 'अक्षे' म्हणतात. आईंचं गाव, कारळवाडी, धरणात गेलं. त्यांची माणसं कुणी कुठे, कुणी कुठे पांगली. सासरे, दौलतराव, गेले. शाळेचं तोंड आईंनी बघितलेलं नाही. आणि स्वतः त्या माहेरच्या नावाचा विषय निघाला की "कलावतीच" म्हणून उठून जायच्या. आमच्या भावकीनं हौसेनं वंशावळ छापून घेतलीय, तिच्यात लिहिलंय, 'पत्नी – कलावती, माहेर – बुडीत'. वाचणाऱ्याला वाटावं, बाईच बुडाली.

डॉक्टरांनी पुढचंही सांगून ठेवलं. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून साईनाथ बाहेर बाकावर जाऊन बसले. सासऱ्यांना शेवटी नळी घातलेली. ते ती उपटायचे, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवलेले. ते ह्यांनी रोज बघितलंय. मला म्हणाले, "आईचे हात बांधलेले मला बघवणार नाहीत गं." एवढंच म्हणाले.

तोवर मी आईंना प्रसादावर जगवत होते. देवाचं म्हणून दिलं की त्या हात पुढे करायच्या, प्रसादाला हाक लागत नाही. म्हणून सकाळी शिऱ्याचा प्रसाद, दुपारी केळ्याचा, संध्याकाळी खिचडीचासुद्धा. तिसऱ्या वाटीला आईंनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "एवढा परसाद? कुठला देव हाय हा, खिचडी खाणारा?" आणि वाटी बाजूला सारली. "परसाद चिमूटभर असतोय," म्हणाल्या. देवाच्या नावानं केलेली लबाडी देवाच्याच भक्तानं पकडली, आता कुणाकडे जायचं?

मी गेले त्र्यंबककाकांकडे. काका वर्तकनगरला राहतात आणि दर महिन्याला आमच्या डोंबिवलीच्या देवळात कीर्तनाला येतात. पेटीवर बोट ठेवलं की पहिल्या सुराला मागच्या ओळीतली माणसंही सरसावून बसतात. मी त्यांचं एक कीर्तन चुकवत नाही. उरलेल्या वेळात काका फेसबुकवर 'कूळ-मूळ कट्टा' नावाचा ग्रुप चालवतात. आपली मुळं शोधणारी शेकडो माणसं तिथे एकमेकांची आजोळं, आडनावं, कुलदैवतं शोधून देतात आणि त्यावरून भांडतात. काकांचा पहिला नियम असा, 'एका घराण्यात सरदार एकच. बाकीच्यांनी शिपाई व्हावे, लढायला कुणीतरी हवे.' कारण ग्रुपात आलेला जो तो सरदाराचाच वंशज निघायचा. फक्त कोपरीचा राजरत्न, बँकेत काम करणारा, म्हणाला होता, "काका, आमची वंशावळ आजोबांपासून सुरू होते. त्याआधी आमची नावं लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नव्हती." काकांनी उत्तर दिलं, "मग तुमच्यात सरदार निघायचा धोका नाही. तुम्ही ॲडमिन व्हा." तेव्हापासून वंशावळी आखायचं काम राजरत्नकडे.

मी ग्रुपवर लिहिलं, 'सासूबाई जेवत नाहीत. त्यांचं माहेरचं नाव हवं आहे. आडनाव शेलार, गाव कारळवाडी, पाटणकडचं, आता धरणात.'

पहिलं उत्तर आलं, 'सासू जेवत नाही म्हणून नाव शोधणारी सून प्रथमच पाहिली. कृपया सुनेचा फोटो टाकावा.'

दुसरं, 'आमच्याकडे उलट आहे. नाव माहीत आहे, पण घेत नाही.'

काकांनी दोघांना दटावलं. मग लिहिलं, "मंडळी, त्या भागातली, त्या काळातली मुलींची नावं पाठवा. सूनबाई एकेक हाक मारून बघेल. घरात आजी असेल तिला विचारा. आजी नसेल तर शेजाऱ्याच्या आजीला विचारा."

आणि नावांचा पाऊसच पडला. हौसा, सोना, येसू, सखू, शेवंता, ताना, गजरा, बायडी. कल्याणहून कुणी, ठाण्याहून कुणी, एक बाई तर कॅनडातून. मी कागद फ्रीजवर चिकटवला. जेवायच्या वेळी मी किंवा साईनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचो आणि हाका मारायचो. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी विचारलंच, "पाहुणे आलेत का गं? किती बायका आहेत?"

हौसेला आई हलल्या नाहीत. सोनेला नाही. सखूला नाही. साईनाथांनी "शेवंते" म्हटलं आणि आईंनी मान वर केली.

"ती हितं कुठली? लगीन होऊन गेली की. थोरली हाय ती."

जेवल्या नाहीत. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्हाला कळलं की ह्यांना शेवंता नावाची मावशी होती. मी ग्रुपवर टाकलं. राजरत्ननं कोऱ्या वंशावळीत एक चौकट काढली आणि शेवंता लिहिलं. तीनशे लाइक आले.

दुसऱ्या दिवशी, "ताने, जेवायला ये."

"तानी म्हसरं घिऊन गेलीया. सांजच्याला यील."

तिसरी चौकट बायडीची. ती झऱ्यावर गेलेली. एकेका चुकीच्या नावाला एकेक बहीण येत होती. ग्रुपात नुसती धमाल. कुणी लिहिलं, 'शेलारांच्या तीन मुली सापडल्या, अजून कोण राहिलं?' कुणी लिहिलं, 'बायडीला झऱ्यावरून परत बोलवा, ऊन फार आहे.' सकाळी उठून माणसं आधी आमची बातमी बघायची. साईनाथसुद्धा कंपनीतून फोन करायचे, "आज कोण आलं?"

"गजरे" म्हटलं त्या दिवशी मात्र आई भिंतीकडे वळल्या.

"गजरा गेली," म्हणाल्या. "देवी आल्या हुत्या. अंगणातच खेळत हुती."

मी तसंच लिहून टाकलं. खरंतर हातच आवरला नाही. आणि बघता बघता, ऐंशीएक वर्षांपूर्वी अंगणात खेळता खेळता गेलेल्या त्या पोरीसाठी खाली एकेक ओळ उमटायला लागली, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' सरदारांच्या वंशजांनी लिहिलं, शिपायांच्या वंशजांनी लिहिलं. कॅनडातल्या बाईनं दिवा लावून फोटो पाठवला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही थांबत नव्हतं.

पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांची चौकट रिकामीच. बहिणींच्या ओळीत, सगळ्यात शेवटी, नुसते चार काळे कोपरे. आणि इकडे आईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी दाखल करायला सांगितलं.

त्या बुधवारी काकांचं कीर्तन होतं. विषय नामाचा. कुठल्याही नावानं हाक मार, तो धावत येतो, असं काका रंगून सांगत होते. मला ते ऐकवेना. आरती झाल्यावर त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, इतक्या नावांनी हाका मारल्या. आई का येत नाहीत?"

काकांनी टाळ पिशवीत ठेवले. "देवाला काय, हजार नावं चालतात गं," ते म्हणाले. "माणसाचं तसं नसतं." ज्या माणसाला चार तास बोलता येतं, तो पिशवीची नाडी बांधत बसला.

राजरत्ननं मात्र पाठ सोडली नव्हती. धरणातून उठलेल्या माणसांपैकी काही घरं कल्याणच्या कोळसेवाडीत आहेत असं त्याला कुणाकडून कळलं. रविवारची सुट्टी घालवून तो तिथे गल्लीगल्लीत विचारत फिरला, आणि त्याला मीराबाई सापडल्या. कारळवाडीच्याच, आईंपेक्षा थोड्या थोरल्या. त्यानं तिथूनच त्यांचा आवाज ग्रुपवर टाकला. स्वतः आधी नीट ऐकलाही नाही, असं तो नंतर मला म्हणाला. आनंदाच्या भरात टाकून मोकळा झाला.

आम्ही दोघांनी सोफ्यावर बसून ऐकला.

"हे लाल झालं म्हंजे बोलायचं का रं? बरं. शेलाराच्या पोरी ना? वळखती की. शेवंता, तानी, बायडी, गजरा. आन् शेवटची ती नकुशी. न्हाय बाबा, दुसरं नाव न्हवतंच तिला. ल्योक पायजे हुता, पुन्यांदा पोरगीच झाली. मग देवाला कळावं म्हणून नकुशी ठिवलं. गुण आला बरं का नावाचा. तिच्या पाठीवर भाऊ झाला. लई साखर वाटली. पोरगी गुणाची हुती. समद्यांचं जेवून झाल्यावर तिला हाक मारायची तिची आय. तवर उंबऱ्यात बसायची, कंदी मागायची न्हाय. हाय का अजून ती? बरी हाय न्हवं?"

साईनाथांनी फोन उपडा ठेवला.

माझ्या लग्नातली गोष्ट मला तेव्हा आठवली. नाव बदललं म्हणून मी खोलीत रडत बसलेले, तर आईंनी येऊन डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नवं नाव मिळतं हे भाग्य असतं गं बाई." मी किती तरी दिवस तो राग मनात ठेवला होता. माझं चांगलं अक्षदा नाव घेतलं आणि वर भाग्य म्हणतात.

ग्रुपात एकानं लिहिलं, 'अहो, नजर लागू नये म्हणून ठेवतात असं नाव. धोंडू, केरू ठेवतात तसं. प्रेमानंच.' लगेच बाकीच्यांनी उचलून धरलं, 'हो हो, प्रेमानंच.' साईनाथ ते वाचत राहिले. "तसंच असेल ना, विनू?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "धोंडूला शेवटी नव्हते वाढत कुणी."

रात्रीचं ताट वाढलं. आई पलंगावर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मी म्हटलं, "मी मारते हाक."

"नको."

"अहो, सोमवार आलाय."

"माहितेय मला." ते दारात उभे राहिले. "हिनं मला दुसरी भाकरी नको म्हटलं तरी वाढलीय. आता मी हिला नको म्हणून जेवायला बोलवू?"

भाकरी गार झाली. मी परत तव्यावर टाकली. शेवटी साईनाथ आत गेले, फ्रीजकडे तोंड करून उभे राहिले, जिथे तो नावांचा कागद होता तिथे, आणि फ्रीजलाच सांगावं तसं म्हणाले, "नकुशे, जेवायला ये."

"आले," आई म्हणाल्या.

कसा आवाज होता तो. ताजा, नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा. पलंगावरून उतरल्या, भिंतीला धरत धरत आल्या, टेबलाकडे न बघता स्वयंपाकघराच्या दारात खाली बसल्या. "समद्यांचं झालं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं. आणि त्या जेवायला लागल्या. साईनाथ फ्रीजकडे तोंड करूनच उभे होते.

सोमवार टळला. ग्रुपला मी एवढंच कळवलं, 'जेवल्या.' राजरत्ननं मला खाजगीत विचारलं, "ताई, चौकटीत काय लिहू?" मी म्हटलं, थांब जरा. त्याला वाटत होतं, चूक त्याची झाली. त्याची कसली चूक?

पण रोज दोन वेळा हाक मारायची होती. साईनाथांच्या तोंडून ती निघायची खरी, पण हाक मारून झाली की ते स्वतः जेवायचे नाहीत. उपास आईंकडून ह्यांच्याकडे आला, एवढाच फरक. मी हे काकांना फोनवर सांगितलं. काका म्हणाले, "बारसं करू."

"कुणाचं?"

"तुझ्या सासूचं. राहून गेलेलं आहे, करून टाकू. ठेवलेलं नाव बदलता येतं, एकदा बदललंच होतं की."

ग्रुपला तर काय, काहीतरी करायला हवंच होतं. नावं सुचवायला परत झुंबड. 'हवीशी' म्हणाले कुणी, 'लाडकी' म्हणाले, एकानं 'महाराणी' सुचवलं, त्याला काकांनी सरदारांच्या नियमाची आठवण करून दिली. शेवटी मीराबाईंनी सुचवलेलंच नाव सगळ्यांना पटलं, आवडी. त्या काळातलं, त्या मातीतलं. मीराबाई म्हणाल्या, "तवाच ठिवायला पायजे हुतं. पर आमास्नी कोण इचारतंय."

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एक तोंड. कोळसेवाडीच्या चौकटीत मीराबाई, शेजारी फोन धरून राजरत्न. कुणी झबलं आणलेलं, ते आईंना दाखवत होतं. मी घुगऱ्या केल्या. वर्तकनगरातून काकांनी पेटी धरली आणि स्वतः रचलेला पाळणा म्हटला. पहिल्या कडव्यात शेवंता, मग तानी, मग बायडी, मग अंगणात खेळणारी गजरा, आणि शेवटी सगळ्यांची आवडी.

आई खूष. टाळ्या वाजवत होत्या. "कुणाचं बारसं?" मला विचारलं.

"तुमचंच."

"काय बाय चेष्टा करती. घुगऱ्या दे."

मी त्यांच्या कानात तीनदा सांगितलं, आवडी. त्यांनी गुदगुल्या झाल्यासारखी मान आखडली. वीसएक चौकटींतून टाळ्या वाजल्या. मग मी आत जाऊन ताट वाढलं. भाकरी, वांगं, थोडा शिरा. साईनाथ बऱ्याच दिवसांनी मोकळ्या आवाजात म्हणाले, "आवडे, जेवायला ये."

आई बसून राहिल्या.

"आवडे," पडद्यातून मीराबाईंनी हाक मारली. "ऊठ गं."

आईंनी इकडेतिकडे बघितलं. कुणी येत नाही बघून साईनाथांना म्हणाल्या, "आवडी कुठं ऱ्हायली? बगा तरी जरा. उपाशी असंल पोर."

"आई, तूच आवडी."

"मी कशी? मला न्हाय आली हाक अजून." आणि हात मांडीवर.

काकांनी हाक मारली. कॅनडावाल्या बाईनं मारली. कुणी कॉल सोडून जाईना. साईनाथांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या सगळ्या तोंडांकडे. कॅमेरा बंद करावा म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. ते आईंसमोर जमिनीवर बसले. आज फ्रीज नव्हता मध्ये.

"नकुशे," ते म्हणाले. "जेवायला ये गं."

"आले."

आई उठल्या, दारात जाऊन बसल्या. ताट ओढून घेतलं. पहिला घास मोडला आणि तसाच हातात धरून थांबल्या.

"आवडीचं ठिवलंय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"ठेवलंय."

"कुठंय? बगू."

मी दुसरं ताट काढलं, त्यात भाकरी वाढली, वांगं वाढलं, शिरा वाढला आणि त्यांच्या शेजारी मांडलं. ते बघून त्यांनी घास तोंडात घातला.